‘अबाइड बाय’ : सही करण्यापूर्वी समजून घ्यायचे दोन शब्द

- विशेष प्रतिनिधी

नव्या नोकरीचे नेमणूकपत्र हाती पडले की बहुतेकांची नजर प्रथम वेतनाच्या आकड्याकडे जाते, नंतर रुजू होण्याच्या तारखेकडे. मधली चार-पाच पाने नुसती उलटली जातात. शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या थोडे वर, एक वाक्य मात्र हमखास आढळते : ‘यू शॅल अबाइड बाय द रूल्स अँड रेग्युलेशन्स ऑफ द कंपनी, अ‍ॅज अमेंडेड फ्रॉम टाइम टु टाइम.’ मनुष्यबळ विभागातील अधिकारी पेन पुढे करतो, उमेदवार सही करतो आणि पेढ्यांचा बॉक्स आणायला निघतो.

पुढे तीन-चार वर्षांनी बदलीचा आदेश येतो, कामाच्या वेळा बदलतात किंवा ‘कारणे दाखवा’ नोटीस टेबलावर येऊन पडते. त्या कागदात हेच वाक्य पुन्हा भेटते. ‘आपण अमुक तारखेला सही करून कंपनीचे नियम अबाइड बाय करण्याचे मान्य केले होते,’ याची आठवण त्यात करून दिलेली असते. ज्या दोन शब्दांकडे पाहण्यास सहीच्या दिवशी फुरसत नव्हती, त्यांचा अर्थ आता वकिलाकडे जाऊन विचारावा लागतो.

हा अर्थ अवघड नाही. परंतु तो पुरता समजण्यासाठी शब्दाचा इतिहास, त्याचे व्याकरण आणि करारातील त्याचे स्थान या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. या लेखात तसा प्रयत्न केला आहे.

शब्दाचे कूळ

‘अबाइड’ हा इंग्रजीतील अतिशय जुना शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ थांबणे, वाट पाहणे, एका जागी राहणे असा होता. ‘बाइड’ हे त्याचे मूळ क्रियापद. ‘योग्य वेळेची वाट पाहणे’ या अर्थाच्या ‘बाइड वन्स टाइम’ या प्रयोगात ते आजही टिकून आहे. राहण्याच्या जागेला ‘अबोड’ म्हणतात, तो शब्दही याच घरातला. ब्रिटनच्या स्थलांतर कायद्यात ‘राइट ऑफ अबोड’ अशी संज्ञा आहे. तिचा अर्थ त्या देशात राहण्याचा हक्क.

‘राहणे’ या मूळ अर्थातून पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट ‘सहन करणे’ या अर्थाकडे गेली. ‘आय कॅनॉट अबाइड हिम’ म्हणजे ‘मला तो माणूस अजिबात सहन होत नाही’. हा प्रयोग प्रायः नकारार्थीच येतो. दुसरी वाट ‘बाय’ या अव्ययाला सोबत घेऊन निघाली. एखाद्या नियमापाशी, निर्णयापाशी किंवा दिलेल्या वचनापाशी थांबणे आणि तेथून न हलणे, हा ‘अबाइड बाय’चा शब्दशः अर्थ होय. त्यावरूनच ‘पालन करणे’, ‘बांधील राहणे’, ‘मान्य करून त्याप्रमाणे वागणे’ हे आजचे अर्थ रूढ झाले. कायद्याने वागणाऱ्या नागरिकाला ‘लॉ-अबायडिंग’ म्हणतात तेही यामुळेच.

भारतीयांना हा शब्द परका नाही. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात तो अत्यंत मानाच्या जागी आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क अन्वये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत समाविष्ट झाली. त्यांतील पहिल्याच कर्तव्यात संविधानाच्या संदर्भात ‘टु अबाइड बाय’ हा शब्दप्रयोग आहे. मराठी पाठात त्यासाठी ‘पालन करणे’ हे शब्द योजले आहेत. शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर हे कर्तव्य आपण सर्वांनीच वाचलेले असते. नेमणूकपत्रातला शब्द तोच आहे. फरक एवढाच, की येथे संविधानाच्या जागी कंपनीचे नियम असतात.

व्याकरण आणि नेहमीच्या चुका

क्रियापदाला अव्यय जोडून नवा अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. ‘अबाइड बाय’ ही अशीच जोडी. काही व्याकरणकार तिला ‘प्रिपोझिशनल व्हर्ब’ या अधिक नेमक्या नावाने ओळखतात, कारण ही जोडी फोडता येत नाही. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ हे दोन्ही चालते. ‘अबाइड द रूल्स बाय’ मात्र कधीच चालत नाही. नियम, निर्णय, करार जे काही पाळायचे असेल ते ‘बाय’नंतरच यावे लागते.

आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रव्यवहारात तीन चुका वरचेवर दिसतात. ‘अबाइड टु द रूल्स’ ही पहिली. ‘अ‍ॅढिअर टु’ या शब्दाच्या प्रभावामुळे ती होते. ‘अबाइड विथ द रूल्स’ ही दुसरी. ‘कम्प्लाय विथ’मधला ‘विथ’ येथे उसना येतो. ‘अबाइड विथ’ हा प्रयोग इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ ‘सोबत राहणे’ असा निराळा आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ कार्यक्रमात अनेक वर्षे ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनागीताची धून वाजवली जात असे. २०२२ साली ती कार्यक्रमातून वगळण्यात आली. त्या शीर्षकात ‘माझ्यासोबत राहा’ अशी आळवणी आहे. नियमपालनाशी तिचा काहीही संबंध नाही.

तिसरी चूक ‘बाय’ गाळण्याची. ‘आय विल अबाइड द रूल्स’ असे लिहिले तर जाणकार वाचकाला त्यात ‘मी नियम सहन करीन’ अशी छटा दिसू शकते. अनेकांच्या मनातली भावना तीच असली तरी करारात ती लिहू नये. भूतकाळी रूप आज ‘अबायडेड बाय’ असे होते. ‘अबोड’ हे जुने भूतकाळी रूप आता केवळ जुन्या ग्रंथांत उरले आहे.

याच वाक्यातील ‘शॅल’ हा शब्दही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. बोलीत तो भविष्यकाळ दाखवतो, करारात मात्र तो कर्तव्य दाखवतो. ‘यू मे’ म्हणजे तुम्हाला मुभा आहे. ‘यू शॅल’ म्हणजे तुमच्यावर बंधन आहे.

एकाच घरातले, तरी निराळे

करारात ‘अबाइड बाय’च्या आसपास आणखी काही शब्द वावरत असतात. मराठीत सर्वांसाठी सरसकट ‘पालन करणे’ म्हटले जाते, परंतु प्रत्येकाची छटा वेगळी आहे.

कम्प्लाय विथ : एखाद्या विशिष्ट आवश्यकतेची पूर्तता करणे. विवरणपत्र मुदतीत भरणे, सुरक्षा साधने बसवणे, मागितलेली कागदपत्रे सादर करणे, ही पूर्तता झाली की नाही हे तपासता येते. ‘अनुपालन’ हा शासकीय मराठीतला शब्द येथे चपखल बसतो.

अ‍ॅढिअर टु : चिकटून राहणे. ठरलेली कार्यपद्धती, वेळापत्रक, दर्जाचे निकष यांपासून रेसभरही न ढळणे.

कन्फॉर्म टु : नमुन्याबरहुकूम असणे. माल, आराखडा किंवा मोजमाप विहित नमुन्याशी जुळते, असे सांगण्यासाठी तो वापरतात.

ऑब्झर्व्ह : पाळणे. सुटी, शांतता, कामाच्या वेळा, गोपनीयता यांच्या संदर्भात येतो.

ओबे : आज्ञा पाळणे. यात आज्ञा देणारी व्यक्ती अभिप्रेत असते. वरिष्ठांचे कायदेशीर आदेश ‘ओबे’ करायचे असतात.

‘अबाइड बाय’चे वेगळेपण हे, की त्यात स्वीकार आहे. जे ठरले ते आपल्या विरुद्ध गेले तरी आपण मान्य करू, ही कबुली त्यात दडलेली असते. म्हणूनच पंचाच्या, परीक्षकाच्या किंवा लवादाच्या निर्णयाबाबत बोलताना हाच शब्द येतो. पंचाने बाद दिल्यावर फलंदाज मनातून कितीही खट्टू झाला तरी तंबूकडे चालू लागतो. त्या वागण्याला इंग्रजीत ‘अबाइड बाय’ म्हणतात.

‘वेळोवेळी सुधारलेले’ नियम

मूळ वाक्याकडे परत जाऊ. ‘अबाइड बाय’इतकेच महत्त्वाचे शब्द त्याच्या शेपटात आहेत : ‘अ‍ॅज अमेंडेड फ्रॉम टाइम टु टाइम’. म्हणजे आज अस्तित्वात असलेले नियम तर मान्यच, शिवाय उद्या-परवा जे बदलतील तेही मान्य. सही करणारा माणूस जो कागद अद्याप लिहिलाच गेला नाही, त्यालाही संमती देऊन बसतो.

मालकाला हवे तेव्हा, हवे ते बदलण्याचा यामुळे परवाना मिळतो का? कामगारांच्या बाबतीत तरी तसे नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९अ नुसार वेतन, कामाचे तास, पाळ्या, रजा अशा अनुसूचीतील सेवाशर्तींमध्ये कामगाराला बाधक ठरणारा बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस देणे आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ चा कायदा तिच्यात विलीन झाला. नव्या संहितेतही २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद कायम आहे.

मात्र हे संरक्षण संहितेच्या व्याख्येत बसणाऱ्या ‘कामगारा’ला आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारे आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर आहेत. त्यांच्या बाबतीत नेमणूकपत्र हाच मुख्य आधार उरतो. म्हणजे पद जितके वरचे, तितके शेवटच्या पानावरचे ते वाक्य अधिक बारकाईने वाचण्याची गरज.

वाचले नव्हते, ही सबब चालते का?

‘इंग्रजीत होते, नीट वाचले नाही,’ हे उत्तर अनेकदा ऐकू येते. करार कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व याबाबत कठोर आहे. इंग्लंडमधील १९३४ चा ‘लेस्ट्रेंज विरुद्ध ग्रॉकोब’ हा खटला विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो. वेल्समधील एका उपाहारगृहाच्या मालकिणीने सिगारेट विकणारे स्वयंचलित यंत्र खरेदी केले. यंत्र चालेना. परंतु तिने सही केलेल्या कागदावर अगदी बारीक अक्षरांत विक्रेत्याची जबाबदारी झटकणारे कलम होते. आपण ते वाचलेच नव्हते, हा तिचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. फसवणूक किंवा दिशाभूल झाली नसेल, तर सही करणारा त्या कागदाला बांधला जातो, असा निर्णय झाला.

आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ हा संमती मुक्त असावी असे सांगतो. जबरदस्ती, अनुचित प्रभाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा चूक यांमुळे मिळवलेली संमती ही मुक्त संमती मानली जात नाही. परंतु ‘वाचायचा कंटाळा केला’ हे कारण त्या यादीत नाही.

कारखान्यांच्या बाबतीत कायद्याने भाषेची अडचण ओळखली होती, हे नमूद करायला हवे. औद्योगिक नियोजन (स्थायी आदेश) कायदा, १९४६ नुसार प्रमाणित स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळच्या खास फलकांवर लावणे मालकाला बंधनकारक होते. महाराष्ट्रातील कित्येक कारखान्यांच्या फाटकाशी काचेच्या पेटीत लावलेली मराठी पाने वाचकांनी पाहिली असतील. ज्याचे पालन करायचे, ते आधी समजले पाहिजे, हा साधा विचार त्यामागे होता. नव्या संहितेने भाषा आणि पद्धत नियमांद्वारे ठरवण्याची तरतूद केली आहे. मात्र स्थायी आदेशांचे प्रकरण आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. लहान आस्थापनांतील कामगारांसाठी नेमणूकपत्राचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० नुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे आता मालकाचे कर्तव्य आहे, ही त्यातील जमेची बाजू.

सहीलाही मर्यादा आहेत

‘अबाइड बाय’खाली सही केली म्हणजे सर्व हक्क संपले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कायद्याने या बंधनाभोवती काही कुंपणे घातली आहेत आणि न्यायालयांनी ती वेळोवेळी स्पष्ट केली आहेत.

पहिले कुंपण स्थायी आदेशांचे. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या प्रकरणात एका पहारेकऱ्याला स्थायी आदेशांत ठरवलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ परिविक्षेवर ठेवणारे नेमणूकपत्र देण्यात आले होते. स्थायी आदेशांशी विसंगत असलेली अशी खासगी अट टिकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली म्हटले. कामगाराने त्या पत्राखाली सही केली होती, तरीही.

दुसरे कुंपण गैरवर्तनाच्या यादीचे. कंपनीला न आवडलेले प्रत्येक वागणे गैरवर्तन ठरत नाही. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्थायी आदेशांत जी कृत्ये गैरवर्तन म्हणून नमूद आहेत, त्यांच्यासाठीच शिक्षा करता येते. कृत्य घडून गेल्यावर त्याला गैरवर्तनाचे लेबल लावता येत नाही.

तिसरे कुंपण सार्वजनिक धोरणाचे. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या सेवानियमांत एक तरतूद होती. तीन महिन्यांची नोटीस अथवा तेवढे वेतन देऊन, कोणतेही कारण न सांगता, कायम कर्मचाऱ्याला काढून टाकण्याचा अधिकार तिने कंपनीला दिला होता. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. बलाढ्य मालक आणि नोकरीची गरज असलेला माणूस यांची सौदाशक्ती समान नसते. ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्याखेरीज ज्याला पर्यायच नव्हता, त्याच्यावर अन्यायकारक अट लादता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

चौथे कुंपण किमान हक्कांचे. किमान वेतनाहून कमी वेतन घेण्यास कामगाराने लेखी संमती दिली, तरी ती व्यर्थ असते. वेतन संहितेने वेतन वा बोनसचा हक्क सोडून देणारे करार निष्प्रभ ठरवले आहेत.

पाचवे कुंपण व्यवसायस्वातंत्र्याचे. करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास मज्जाव करणारे करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतात. येथे नोकरी चालू असतानाचा काळ आणि नोकरी संपल्यानंतरचा काळ यांत न्यायालये भेद करतात. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याण येथील प्रकल्पातील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्याआधीच तो राजस्थानातील प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. कराराच्या काळापुरते त्याच्यावरील बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली उचलून धरले. याउलट क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या व्यवस्थापनाचे काम पाहणारी पर्सेप्ट डी’मार्क ही कंपनी यांच्या वादात, करार संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवू पाहणारे कलम २००६ साली अमान्य झाले.

सेवाबंधपत्राच्या बाबतीत मात्र गाफील राहू नये. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने किमान तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये देण्याचे मान्य केले होते. मुदतीपूर्वी राजीनामा देताना त्याने ती रक्कम भरली आणि मग अटीला आव्हान दिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. नोकरीच्या काळापुरतेच ते बंधन आहे आणि भरतीवर होणारा खर्च पाहता ते अवाजवी नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. बंधपत्रात कितीही मोठा आकडा लिहिला तरी तो पूर्ण मिळतोच असे नाही. कलम ७४ नुसार त्या आकड्याच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई मिळते.

‘लवादाचा निर्णय अबाइड बाय करू’ असे कलमही अलीकडे नेमणूकपत्रांत दिसते. लवादाचा निवाडा उभय पक्षांना बांधतो आणि त्याला आव्हान देण्याची कारणे मोजकीच आहेत. परंतु कामगार कायद्याखालील थकीत वेतनाच्या दाव्यांना हे कलम आडवे घालता येत नाही. किंगफिशर एअरलाइन्सच्या वैमानिकांनी थकलेल्या पगारासाठी कामगार न्यायालयात धाव घेतली तेव्हा कंपनीने लवादाच्या कलमावर बोट ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली तो आक्षेप फेटाळला.

सही एकाची, बंधन अनेकांवर

काही वेळा आपण सही न करताही ‘अबाइड बाय’ करावे लागते. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात झालेले वेतन करार हे त्याचे उदाहरण. समेट अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने झालेला करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, इतकेच नव्हे तर पुढे रुजू होणाऱ्यांनाही लागू होतो. समेटाच्या कार्यवाहीबाहेर, केवळ दोन पक्षांनी परस्पर केलेला करार मात्र त्या दोन पक्षांपुरताच बंधनकारक असतो. म्हणूनच करारावर सही कोणी केली आणि कोणासमोर केली, हा तपशील महत्त्वाचा.

हा प्रश्न किती स्फोटक होऊ शकतो, हे मुंबईने पाहिले आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये गिरणी कामगारांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. तिने केलेले करार लाखो कामगारांवर बंधनकारक होते. त्यांतील बहुसंख्यांचा मात्र तिच्यावर विश्वास उरला नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीबरोबरच हा कायदा रद्द करण्याची मागणीही त्यांनी केली होती. आपल्या नावाने दुसऱ्याने दिलेला शब्द आपण का पाळावा, हा त्या मागणीमागचा सवाल होता. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरणगाव मात्र ओस पडला.

बंधन दोन्ही बाजूंना

नेमणूकपत्रातील वाक्य ‘यू शॅल’ असे सुरू होते, त्यामुळे पालनाची जबाबदारी केवळ कर्मचाऱ्याची, असे वाटते. करार मात्र दोघांचा असतो. निवाडा, समझोता किंवा करार यांची अंमलबजावणी न करणे ही मालकाच्या बाजूने अनुचित कामगार प्रथा असल्याचे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने ठरवून दिले. केंद्रीय कायद्यातही अशीच तरतूद पुढे आली आणि ती औद्योगिक संबंध संहितेत टिकून आहे. नोटिशीचा कालावधी, वेतनाची तारीख, वार्षिक वाढीची पद्धत, खर्चाची प्रतिपूर्ती ही कंपनीने पाळायची कलमे होत. ती पत्रात स्पष्ट लिहिलेली असावीत, असा आग्रह कर्मचाऱ्याने धरायला संकोच वाटू नये.

सही करण्यापूर्वी

‘अबाइड बाय’ हे शब्द कोठेही दिसले, की पुढील प्रश्न स्वतःला आणि आवश्यक वाटल्यास मनुष्यबळ विभागाला विचारावेत.

१. नेमके काय पाळायचे आहे? ‘नियम’ म्हणजे स्थायी आदेश, कर्मचारी पुस्तिका, की अंतर्गत संगणकावर ठेवलेली धोरणे? त्यांची प्रत मागून घ्यावी. ज्याची प्रत मिळत नाही त्याच्या पालनाची हमी देताना दोनदा विचार करावा.

२. नियम बदलल्यास कळवण्याची पद्धत कोणती? ई-मेल, सूचनाफलक की नवी सही? शक्य असल्यास ‘लेखी पूर्वसूचना देऊन’ हे शब्द जोडून घ्यावेत.

३. बंधन किती काळ? नोकरीपुरते, की नोकरी सोडल्यानंतरही? गोपनीयतेचे बंधन नंतरही राहू शकते. स्पर्धक संस्थेत न जाण्याचे बंधन सहसा टिकत नाही.

४. पालन न झाल्यास परिणाम काय? चौकशी, दंड, बंधपत्राची रक्कम, की थेट सेवासमाप्ती?

५. नेमणूकपत्र आणि पुस्तिका यांत विसंगती आढळल्यास कोणता कागद श्रेष्ठ? चांगल्या करारात याचे उत्तर दिलेले असते.

६. सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत आपल्याकडे आहे का? वाद उद्भवल्यावर ती मिळवणे कठीण जाते.

एखादी अट खटकली, तर सहीपूर्वीच लेखी विचारणा करावी. आलेले उत्तर जपून ठेवावे. वाद निर्माण झालाच, तर आपल्या प्रकरणातील कागदपत्रे जाणकार वकिलाला किंवा कामगार आयुक्तालयातील अधिकाऱ्याला दाखवणे इष्ट. वर दिलेले निवाडे दिशा दाखवतात, प्रत्येक प्रकरणाचा तपशील मात्र वेगळा असतो.

मराठीत काय म्हणावे?

शासकीय मराठीत ‘पालन करणे’ आणि ‘बंधनकारक असणे’ हे पर्याय रूढ आहेत आणि ते अचूक आहेत. नेमणूकपत्राच्या मराठी मसुद्यात ‘आपण कंपनीच्या नियमांचे पालन कराल आणि ते आपणांवर बंधनकारक राहतील’ असे लिहिल्यास मूळ अर्थ पूर्णपणे येतो. लवादाच्या संदर्भात ‘निर्णय मान्य राहील’ हे अधिक योग्य.

बोलीत तर याहून जवळचा प्रयोग आहे. ‘शब्दावर राहणे’. ‘अबाइड’ म्हणजे राहणे आणि ‘बाय’ म्हणजे त्यापाशी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच कल्पना उचलली. गावाकडे जमिनीचा व्यवहार ठरला, की जुनी माणसे आजही ‘आता शब्दावर राहा’ एवढेच सांगतात. ज्याला हे सांगितले जाते, त्याला आपण कोणता शब्द दिला हे पक्के ठाऊक असते. नेमणूकपत्राखाली सही करणाऱ्यालाही ते तितकेच ठाऊक असायला हवे.